उतारवयातला चढ

नगरहून आष्टीकडे जाणाऱ्या रस्त्यावर कडा हे गाव लागते. बीड जिल्ह्याचा हा पश्चिम टोकाचा भाग. पूर्वी निजामाच्या हैदराबाद राज्याची सीमा आणि इंग्रजी मुलुखाची सीमा येथेच कुठेतरी एकमेकींना खेटून होत्या. २३ सप्टेंबर २०२२ रोजी नगर–न्यू आष्टी रेल्वे सुरू झाली आणि कड्याला स्थानक मिळाले. कांद्याचा बाजार, ऊसतोडीला जाणारी खेडी, पावसाची कायमची हुलकावणी ही या परिसराची ओळख वाचकांना नवी नाही. आम्हांला येथे विचार करावयाचा आहे तो या भागात (आणि खरे तर महाराष्ट्रभर) घरोघर ऐकू येणाऱ्या एका वाक्याचा. पाण्याची कळशी उंबऱ्याशी टेकवून म्हातारी धापा टाकू लागली की घरातले कोणीतरी म्हणते, "आता वय झालं, दम लागायचाच." म्हातारीलाही ते पटलेले असते. प्रश्न तेथेच मिटतो.

हे वाक्य साधे दिसते, पण ते एक निदान आहे. त्यात रोगाचे नाव नाही, उपाय नाही, तक्रारीला जागा नाही. प्रत्येक निदानाला इतिहास असतो, तसा यालाही आहे. तो वैद्यकाच्या ग्रंथांत जेवढा सापडतो तेवढाच भाषेत आणि वाङ्मयात सापडतो, म्हणून साहित्याच्या अभ्यासकांपुढे तो मांडण्यास संकोच वाटत नाही.

प्रथम शब्दच पाहू. 'दम' हा फारसीतून आलेला शब्द. मूळ अर्थ श्वास. मराठीने त्याला किती कामाला लावले आहे! दम धरणे म्हणजे धीर धरणे, दम देणे म्हणजे धमकावणे, एखाद्यात दम असणे म्हणजे सामर्थ्य असणे, दम खाणे म्हणजे थांबून विसावणे. 'दमा' हे दुखण्याचे नावही त्याच घरातले. श्वास, धीर आणि ताकद या तिन्ही गोष्टी बोलणाऱ्यांनी एकाच शब्दात कोंबल्या आहेत. एक ओसरली की उरलेल्या दोन्ही ओसरतात, हा अनुभव त्यामागे असावा. छातीचेही तसेच. ती अवयवही आहे आणि हिंमतही. हृदयाच्या बाबतीत मात्र बोलीची शरीररचना थोडी चुकते: काळीज हे वास्तविक यकृताचे नाव, पण धडधडते तेच. आणि या वयाला आपण 'उतारवय' म्हणतो. ज्याला जिना चढताना तिसऱ्या पायरीवर थांबावे लागते त्याला हा उतार कोणत्या बाजूने उतार वाटत असेल, देव जाणे.

कड्यात श्री अमोलक जैन विद्या प्रसारक मंडळ ही शिक्षणसंस्था आहे. 'अमोलक' हे नाव वाचले की आगमांच्या वाचकाला अमोलकऋषी आठवतात. स्थानकवासी परंपरेतील या मुनींनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बत्तीस आगमांचा हिंदी अनुवाद सिद्ध केला, आणि तोही हैदराबादेत, म्हणजे कडा ज्या राज्यात होते त्याच राज्याच्या राजधानीत. या बत्तीस ग्रंथांपैकी अनुयोगद्वार, भगवती, जंबूद्वीपप्रज्ञप्ती यांत काळाच्या मोजणीचा एक विलक्षण भाग येतो, आणि आमच्या विषयाचा आरंभ आम्ही तेथूनच करू इच्छितो.

या ग्रंथांत काळाचे एकक म्हणून श्वास घेतला आहे. एक उच्छ्वास आणि एक निःश्वास मिळून एक प्राण. सात प्राणांचा एक स्तोक. सात स्तोकांचा एक लव. सत्त्याहत्तर लवांचा एक मुहूर्त. गुणाकार केला की एका मुहूर्तात ३७७३ श्वास होतात, आणि ग्रंथकारांनीही हाच आकडा दिला आहे. मुहूर्त अठ्ठेचाळीस मिनिटांचा धरला तर मिनिटाला साधारण अठ्ठ्याहत्तर ते एकोणऐंशी 'श्वास' येतात. आता निरोगी प्रौढ माणूस स्वस्थ बसला असता मिनिटाला बारा ते वीस वेळा श्वास घेतो. अठ्ठ्याहत्तर हा श्वासाचा आकडा नव्हे. तो नाडीचा आकडा आहे. ज्याला येथे श्वास म्हटले आहे ते हृदयाचे स्पंदन असावे, असे अनुमान त्यामुळे करता येते. ते कोणाला मान्य नसेल तरी इतके खरे की हृदय आणि फुप्फुस यांची खाती या मोजणीत वेगळी काढलेली नाहीत. दिवसाचे ३० मुहूर्त धरून आलेला आकडा १,१३,१९० आहे; मिनिटाला सत्तर ठोके धरले तर आजच्या हिशोबाने दिवसाचे ठोके १,००,८०० होतात. दोन हजार वर्षांच्या आसपासच्या अंतरावरून पाहता हा फरक किरकोळच म्हणावयाचा.

पण आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते ती या एककाची अट. श्वास कोणाचा मोजावयाचा, हे ग्रंथाने स्पष्ट सांगितले आहे: जो हृष्ट आहे, ज्याला जरेने ग्रासलेले नाही आणि जो व्याधीने पीडित नाही, अशा माणसाचा. म्हणजे प्रमाण ठरवताना म्हातारा आणि आजारी हे दोघेही बाजूला काढले, आणि तेही वेगवेगळे बाजूला काढले. जरा ही एक गोष्ट, व्याधी ही दुसरी. एवढा साक्षेप पुढच्या काळात नेहमी राहिला असता तर हा लेख लिहिण्याचे कारण पडले नसते.

याच परंपरेतील 'तंदुलवैचारिक' हा प्रकीर्णक ग्रंथ (स्थानकवासी बत्तिशीत तो धरला जात नाही) हीच मोजणी शंभर वर्षांच्या आयुष्यापर्यंत नेतो. वर्षाचे ३६० दिवस धरून शतायुषी माणसाचे श्वास होतात चारशे सात कोटी अठ्ठेचाळीस लक्ष चाळीस हजार. स्थानांगसूत्राच्या दहाव्या स्थानात शंभर वर्षांच्या आयुष्याच्या दहा दशा नावांनिशी सांगितल्या आहेत: बाला, क्रीडा, मंदा, बला, प्रज्ञा, हायनी, प्रपंचा, प्राग्भारा, मुन्मुखी, शायनी. सहावीत इंद्रिये हीन होऊ लागतात, आठवीत शरीर वाकते, दहावीत माणूस अंथरुणाला खिळतो. सातवी, म्हणजे साठीनंतरची, प्रपंचा. आपल्या मराठीत प्रपंच म्हणजे संसार. येथे मात्र अकराव्या शतकातील टीकाकार अभयदेवसूरी या शब्दाची फोड कफ आणि खोकला यांना प्रकट करणारी, पसरवणारी अवस्था अशी करतात. तंदुलवैचारिकातही या दशकातला माणूस चिकट कफ थुंकत आणि वरचेवर खोकत असलेला दिसतो. साठी ते सत्तरी या दशकाची ओळख खोकल्यावरून पटावी, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. तो खोकला वयाचा की धुराचा, हा प्रश्न त्या ग्रंथाने विचारलेला नाही.

तेराव्या शतकाच्या अखेरीस ज्ञानेश्वरांनी तेराव्या अध्यायात जन्म, मृत्यू, जरा आणि व्याधी यांतील दोष पाहण्याचे प्रकरण विस्ताराने लिहिले. गीतेने अर्ध्या ओळीत आटोपलेले वार्धक्य ज्ञानेश्वरांनी अवयवागणिक उलगडले आहे. कमळाच्या पाकळ्यांशी स्पर्धा करणारे डोळे पिकलेल्या पडवळासारखे होतील, ही प्रतिमा वर्गात शिकवताना विद्यार्थी हसतात आणि मग गप्प होतात. त्याच वर्णनात खोकला येतो. पण तो केवळ छातीतला खोकला नाही. त्या खोकल्याने शेजाऱ्यांना जागरण घडते आणि ते म्हाताऱ्याला कंटाळतात. वृद्ध फुप्फुसाचे सामाजिक परिणाम इतक्या थोडक्यात सांगणारे दुसरे स्थळ निदान आमच्या वाचनात नाही. ज्ञानेश्वरांचा हेतू वैद्यकीय नव्हता, तरुणपणीच वैराग्याची जाग यावी हा होता. त्यासाठी जरा अटळ असणे आवश्यकच होते. जी टाळता येईल तिचा वैराग्याला काय उपयोग?

वैद्यांची दृष्टी वेगळी होती. चरकाने श्वासाचे पाच प्रकार सांगितले: महा, ऊर्ध्व, छिन्न, तमक आणि क्षुद्र. यांतला क्षुद्र श्वास श्रमाने लागतो आणि त्याची फारशी धास्ती नको असे त्याचे मत. तमक श्वासाचा रोगी मात्र आडवे पडले की घुसमटतो, उठून बसले की त्याला बरे वाटते, आणि आभाळ भरून आले की त्याचा त्रास वाढतो. हे निरीक्षण आजही कोणा डॉक्टरने वाचले तर तो मान डोलावेल; फक्त दम्यासोबत थकलेल्या हृदयाचाही संशय घेईल, कारण निजले असता श्वास कोंडणे हे त्याचेही लक्षण आहे. शार्ङ्गधराने दर दशकाला माणसाचे काय काय गळते त्याची यादी दिली: बाल्य, वाढ, कांती, मेधा, त्वचा, दृष्टी असे करत अखेर जीवितापर्यंत. या यादीत श्वास नाही. आम्हांला हे अर्थपूर्ण वाटते. वैद्याच्या लेखी धाप हा रोग होता, त्यावर औषध द्यावयाचे होते. वयाच्या हिशोबात तो लिहिण्याचे कारण नव्हते. "वय झालं" हे वाक्य कीर्तनाच्या बाजूने घरात आले असावे, वैद्यकाच्या बाजूने नव्हे, असे आम्ही म्हणतो ते यामुळे.

वयाने या दोन अवयवांचे खरोखर काय होते, हे आज बरेच कळले आहे. महाधमनी लवचीक असते तोवर ती प्रत्येक ठोक्याबरोबर फुगते आणि पुन्हा आवळते, त्यामुळे हृदयाचे काम हलके होते. वय वाढते तशी ती ताठ होत जाते, वरचा रक्तदाब चढतो आणि हृदयाची डावी भिंत जाड होते. हृदय आकसण्यास फारसे चुकत नाही. ते सैल होण्यास वेळ लावते, आणि भरण्यास वेळ लागला की धावपळीच्या वेळी रक्त कमी पडते. ठोक्यांची लय ठेवणाऱ्या पेशी घटतात. जास्तीत जास्त किती वेगाने हृदय चालेल याची मर्यादा दरवर्षी खाली येते: १९७१ सालापासून रूढ झालेल्या, २२० मधून वय वजा करण्याच्या ठोकताळ्याने सत्तराव्या वर्षी ती १५०, २००१ मधील सुधारित सूत्राने १५९. फुप्फुसातील कोट्यवधी वायुकोशांना ताणून धरणारे लवचीक तंतू सैलावतात, बरगड्यांचा पिंजरा ताठरतो, श्वासाचे स्नायू आणि खोकल्याची उबळ दोन्ही मंदावतात. एका सेकंदात जोराने बाहेर टाकता येणारी हवा पंचविशी-तिशीनंतर निरोगी माणसातही दरवर्षी अदमासे तीस मिलिलिटरने घटते.

येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही सारी घट खरी आहे, पण ती हळू आहे, आणि निसर्गाने या अवयवांना पुष्कळ शिल्लक देऊन ठेवली आहे. बसल्या जागी निरोगी सत्तरीच्या माणसाचे हृदय जवळजवळ तरुणाइतकेच रक्त पुरवते. कळशीभर पाण्याने धाप लागावी, रात्री उशांचा ढीग पाठीशी घ्यावा लागावा, पाऊल सुजावे, हे केवळ वयाचे काम नव्हे. १९७७ मध्ये फ्लेचर आणि पेटो यांनी लंडनमधील कामकरी पुरुषांवरील कित्येक वर्षांच्या पाहणीतून दाखवले की तंबाखू ओढणाऱ्यांपैकी काहींची घसरण कितीतरी तीव्र असते, आणि सवय सोडली की गेलेले परत येत नसले तरी पुढची घसरण पुन्हा सामान्य वेगावर येते. म्हणजे उताराला दोन उतार आहेत, आणि त्यांतला एक माणसाने केलेला आहे.

याहून चमत्कारिक हकिकत अमेरिकेतील डॅलसची. १९६६ मध्ये विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवले. त्यांची श्रम करण्याची कमाल क्षमता सुमारे चतुर्थांशाने घटली. तीस वर्षांनी तेच पाच जण, आता पन्नाशीचे, पुन्हा तपासले. तीस वर्षांत क्षमता घटली होती साधारण अकरा टक्के. तीन आठवड्यांच्या निजण्याने जे केले ते तीस वर्षांच्या वयाने केले नाही, आणि पुढे सहा महिन्यांच्या व्यायामाने वयाने नेलेले बरेचसे परतही मिळाले. पाच माणसांवरून जगाचा निष्कर्ष काढू नये हे मान्य. पण "आता तुम्ही बसा, काही करू नका" हे आपल्याकडचे आदराचे वाक्य या प्रयोगाच्या उजेडात आम्हांला थोडे भयावह वाटू लागले आहे.

कड्याच्या पंचक्रोशीत मात्र बसण्याचे भाग्य सर्वांना कोठे? दिवाळीच्या सुमारास आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतून कोयता घेऊन कुटुंबे बाहेर पडतात. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणे हा हृदय आणि फुप्फुस यांचा कसा कस लागतो, हे ज्याने एकदा जवळून पाहिले त्याला समजवावे लागत नाही. फडाशेजारच्या कोपीत चूल पाचटावर, काटक्यांवर पेटते. गावी राहिलेली म्हातारी नातवंडांसाठी तीच चूल पेटवते, आणि तिने आयुष्यभर विडीला हात लावलेला नसतो. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हाच मुद्दा मांडला: जगात तंबाखू ओढणारे सुमारे शंभर कोटी, तर लाकूड, गोवऱ्या, पाचट यांचा धूर छातीत घेणारे सुमारे तीनशे कोटी. दीर्घकालीन श्वासरोगाला 'ओढणाऱ्यांचा रोग' म्हणण्यात या दुसऱ्या जमावाची नोंदच झाली नव्हती. २०१६ पासून उज्ज्वला योजनेने गॅस पुष्कळ घरांत पोचवला. पण साठीच्या बाईच्या छातीत चाळीस वर्षांचा धूर अगोदरच जमा होता. तिच्या खोकल्याला प्रपंचा म्हणावे ते आपल्या मराठी अर्थाने.

मोजणीचा प्रश्न उरतो. १८४६ मध्ये जॉन हचिन्सन याने लंडनमध्ये २,१३० माणसांना आपल्या यंत्रात फुंकावयास लावले. त्यांत खलाशी होते, पोलीस होते, कंगाल होते आणि सद्गृहस्थही होते. उंचीबरोबर फुप्फुसाची धारणा वाढते आणि वयाबरोबर घटते हे त्याने प्रथमच आकड्यांत मांडले. या यंत्राचा पुढील प्रवास निर्मळ नाही. अमेरिकन यादवी युद्धातील सैनिकांची मोजमापे १८६९ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यांत काळ्या सैनिकांची धारणा कमी आढळली, आणि गुलामगिरीने केलेले नुकसान जातिस्वभाव म्हणून नोंदले गेले. ही सगळी कहाणी लंडी ब्राऊन यांनी २०१४ च्या आपल्या पुस्तकात सांगितली आहे. निरोगी वार्धक्याचा दीर्घ अभ्यास म्हणून १९५८ मध्ये बाल्टिमोर येथे सुरू झालेल्या पाहणीत पहिली वीस वर्षे केवळ पुरुष होते. स्त्रिया आल्या १९७८ मध्ये.

भारतात बराच काळ युरोपीय आकड्यांतून काही टक्के वजा करून काम भागवले जात असे. मुंबईत डॉ. एस. आर. कामत यांनी १९७७ मध्ये आणि डॉ. फारोख उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये भारतीय माणसांची स्वतःची प्रमाणे प्रसिद्ध केली; हे काम जितके गाजावयास हवे होते तितके गाजले नाही. २०१२ मध्ये ७४,१८७ निरोगी, धूम्रपान न करणाऱ्या माणसांच्या नोंदींवरून, तीन ते पंच्याण्णव वर्षांपर्यंतची, जागतिक समीकरणे तयार झाली. त्यांत भारतीय उपखंडासाठी स्वतंत्र समीकरण देता आले नाही. २०२२ च्या नव्या समीकरणांतून वंशाचा रकाना काढून टाकला. एखाद्या यंत्रात हीच समीकरणे भरलेली असतील, तर आष्टी तालुक्यातली म्हातारी त्यापुढे बसल्यावर तिची अपेक्षित धारणा काढण्यासाठी तीन गोष्टी विचारल्या जातील: वय, उंची आणि स्त्री की पुरुष. चुलीपुढे किती वर्षे काढली, याचा रकाना त्या समीकरणात नाही. तो प्रश्न तपासणाऱ्या डॉक्टरला तोंडाने विचारावा लागतो.